बुधवारची सुई

पहाटे ४.५०

डोळे उघडले की बुधवारी आधी फ्रिजपाशी जातो. जनावरांच्या दवाखान्यातल्या या छोट्या फ्रिजला कुलूप आहे, कारण त्यात लशींच्या शेजारी व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरवरचं औषध असतं. एका बाटलीत एक मिलिलिटर द्रव, त्यात एक मिलिग्रॅम औषध. दिसायला साधं पाणी. आज चार बाटल्या आहेत आणि वहीत चार नावं: टायगर, राणी, गाळ्यातला मोत्या आणि पांढरपायी.

पहिल्या तिघांना त्यांची माणसं घेऊन येतील. पांढरपायी नागल्याच्या जंगलाकडच्या एका पाड्यावरची. तिला घर नाही, पाडा आहे. आठवीतला एक मुलगा तिला दोरी बांधून, चालत माझ्याकडे आणतो. दोन सुया झाल्या होत्या, गाठ निम्म्यावर आली होती. तिसऱ्या बुधवारी ती आली नाही. आज चौथा.

भाद्रपदात कुत्री माजावर येतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी काय सुरू होतं ते फार जणांना ठाऊक नसतं. मार्गशीर्ष लागला की कुत्र्यांच्या मागच्या भागातून रक्त टपकतंय म्हणून लोक येऊ लागतात. बघावं तर फुलकोबीच्या तुऱ्यासारखी लालभडक, ओली गाठ. समागमातून, चाटण्यातून, हुंगण्यातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे गेलेला कॅन्सर. 'गेलेला' हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. विषाणू नाही, जंतू नाही. कॅन्सरची जिवंत पेशीच अंग बदलते.

सकाळी ६.३०

कामण नाक्यावर अजून धुकं आहे. चिंचोटीकडून अंजूरफाट्याकडे जाणारे ट्रेलर दिवे लावून रांगेत. एकीकडे तुंगारेश्वरचं जंगल आणि कामणदुर्गाची काळी कड, दुसरीकडे नागल्याचं जंगल, ते उतरत खाडीपर्यंत जातं. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात हा रस्ता, वसई-दिवा रेल्वे, आमची गावं, पाडे आणि शेकडो गाळे. गाळ्यांतल्या कामगारांच्या खानावळी आल्या, खानावळींचं खरकटं आलं आणि त्यामागून कुत्री आली.

ती किती आहेत, हे मी मोजतो. दर महिन्याच्या एका बुधवारी आणि लगेच पुढच्या गुरुवारी, दोन्ही दिवस याच वेळेला, याच रस्त्याने, मोटरसायकलवरून हळूहळू. नाका, देवदळ, मग परत फिरून नागल्याचा फाटा. कुत्रा दिसला की फोटो. डावी कूस, जमलं तर उजवीही. कानाला खाच आहे का, म्हणजे नसबंदी झालीय का. मादी आहे का, दुभती आहे का, अंगावर खरूज आहे का.

नुसती मुंडकी मोजून संख्या कळत नाही, कारण काही कुत्री कायम रस्त्यावर लोळतात आणि काही तुमच्या मोटरसायकलचा आवाज आला की भिंतीमागे होतात. म्हणून दुसरा दिवस. समजा आज मला चाळीस वेगवेगळी कुत्री दिसली. उद्या पुन्हा चाळीस दिसली आणि त्यांतली वीस कालचीच निघाली. म्हणजे उद्याच्या झोळीत ओळखीची निम्मी आहेत. तर मग आजची माझी चाळीस ही एकूण संख्येच्या निम्मी असावीत, म्हणजे साधारण ऐंशी. डेन्मार्कच्या पीटरसनने १८९६ च्या सुमाराला माशांना खुणा करून असाच विचार मांडला, अमेरिकेच्या लिंकनने १९३० मध्ये बदकांवर. त्याच्या कितीतरी आधी लाप्लासने फ्रान्सची माणसं अशाच युक्तीने मोजली होती.

या गणिताचा सारा भार एका गोष्टीवर आहे: काल पाहिलेलं कुत्रं आज तेच आहे, हे तुम्हाला खात्रीने सांगता आलं पाहिजे. नुसत्या तांबड्या रंगावर विसंबलात तर दोन कुत्री एक होतात, संख्या खाली येते आणि लशींची मागणी कमी लिहिली जाते.

पांढरपायी आज फाट्यावर दिसली नाही. देवदळलाही नाही.

सकाळी ७.४५

टपरीवर चहा घेताना वनरक्षक दादा भेटले. रात्रपाळी संपवून निघाले होते. पाड्याकडे बिबट्या फिरतोय का, हे मी विचारायच्या आधीच ते म्हणाले, "दोन दिवस ठसे दिसतायत. पण कुत्रा नेल्याची बोंब नाय अजून."

बिबट्याची मोजणी माझ्या मोजणीहून अवघड आणि एका अर्थी सोपी. अवघड, कारण तो दिसत नाही. सोपी, कारण प्रत्येकाच्या अंगावरचे ठिपके वेगळे. झाडाला बांधलेला कॅमेरा समोरून काही हललं की आपोआप फोटो काढतो. बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे ठिपके सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात. एकाच बाजूचा फोटो मिळाला तर तो नवा बिबट्या की जुन्याचीच दुसरी कूस, हे सांगता येत नाही. खाडीपलीकडच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात निकित सुर्वे यांच्या २०१५ च्या अभ्यासात ३५ बिबटे निघाले. २०१८ च्या मोजणीत ४७ आणि २०२४ च्या मोजणीत ५४.

आमचा पट्टा या बिबट्यांच्या वाटेवर आहे. २०२१ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला 'महाराजा' नावाचा नर नागल्याच्या जंगलातून हा रस्ता आणि हे रूळ ओलांडून तुंगारेश्वरला गेला. त्याच्याही आधी २००९ मध्ये 'आजोबा'. नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला हा नर विद्या अत्रेय आणि वनखात्याच्या लोकांनी कॉलर घालून माळशेज घाटात सोडला, आणि तो जवळपास १२० किलोमीटर चालत, वसईचा औद्योगिक भाग पार करून, खाडी पोहून पलीकडच्या उद्यानात पोचला. २०११ च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाखाली तो मेला. ओळख पटली ती अंगात बसवलेल्या चिपवरून. 'आजोबा' चित्रपट लोकांनी पाहिला; तो आपल्याच दारावरून गेला होता, हे इथल्या फार थोड्यांना माहीत आहे.

बिबट्या कुत्री खातो, हे मात्र सगळ्यांना माहीत आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हिशेब मांडला. उद्यानातले बिबटे वर्षाला सुमारे १५०० कुत्री खात असावेत, त्यामुळे माणसांना होणारे हजारभर चावे टळत असावेत आणि रेबीजचे नव्वदेक संभाव्य प्रसंगही. हा अंदाज आहे, पण विचार करायला लावणारा. त्यावरून काहीजण लगेच म्हणतात, मग कुत्र्यांचं काम बिबट्यावरच सोडा. मला हे पटत नाही. जंगलाच्या कडेला आजारी कुत्री वाढू द्यायची म्हणजे बिबट्याच्या ताटात आजार वाढायचा. २०१८ मध्येच गीरमध्ये वीसहून अधिक सिंह थोड्या दिवसांत मेले. डिस्टेंपरचा विषाणू सापडला, जो कुत्र्यांमध्ये सर्रास असतो. सरकारला अमेरिकेहून लस मागवावी लागली. म्हणून मी पाड्यावरच्या कुत्र्यांना रेबीजबरोबर डिस्टेंपरची लसही टोचतो. त्यात कुत्र्याचं भलं आहे आणि त्याला खाणाऱ्याचंही.

सकाळी ९.३०

टायगर आणि राणी वेळेवर. दोघांची आधी रक्ताची काच. हे औषध पांढऱ्या पेशी पाडतं. त्या आधीच खाली असतील तर सुई आठवडाभर पुढे जाते. दोघांच्याही ठीक आहेत. टायगरची गाठ आता वाटाण्याएवढी. राणीची आजची पहिलीच सुई, म्हणून तिच्या गाठीवर काच टेकवून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. गोल गोल पेशी, आणि प्रत्येकीच्या कडेला टाचणीने टोचल्यासारखी स्वच्छ पोकळ भोकं. एकदा पाहिली की विसरत नाहीत.

वजनावर मात्रा, किलोला ०.०२५ मिलिग्रॅम. पंधरा किलोच्या कुत्र्याला बाटलीचा तिसरा हिस्सा भरून थोडं वर. पुढच्या पायाच्या शिरेत बारीक नळी, आधी सलाईन सोडून शीर धरलीय ना ते पाहायचं, मग औषध, मग पुन्हा सलाईन. घाई करायची नाही. शिरेबाहेर थेंब गेला तर तिथली कातडी सडते. शिकून नुकता बाहेर पडलो होतो तेव्हा माझ्या हातून असं झालं आहे. वळवळणाऱ्या कुत्र्याला एकट्याने धरून सुई दिली, आणि पुढे दोन महिने त्याच्या पायाची जखम मी रोज धूत होतो. ते कुत्रं लंगडत चालायचं. तेव्हापासून धरायला दुसरा माणूस असल्याशिवाय मी हे औषध भरत नाही.

दहाच्या सुमाराला मोत्या आला. गाळ्यावरचे रखवालदार काका रजेवर, म्हणून तिथेच माल उतरवणारा तिशीतला एक गडी त्याला घेऊन आला होता. मी मोत्याचा पाय धरायला सांगितलं. तो धरता धरता टेबलावरच्या बाटलीकडे बघत राहिला.

"डाक्टर, हे विन्क्रि... हे तर आमच्या पुतण्याच्या फायलीत लिहिलंय."

पुतण्या सहा वर्षांचा. रक्ताचा कॅन्सर. परळच्या टाटात इलाज चाललाय. कामण रोडहून गाडी पकडून वसई, वसईहून दादर, असं त्याचं महिन्यातून कितीदा तरी होतं.

"मग ते जनावराचं औषध आहे का?"

मी सुई खाली ठेवली. हा प्रश्न उभ्या उभ्या उत्तर देण्याचा नव्हता. म्हटलं, नाही, माणसांचं औषध, ते आम्ही जनावरांना देतो. त्याला दारापाशी नेऊन पायरीवरच्या कुंडीतलं रोप दाखवलं. सदाफुली. त्याच्याही दारात आहे, म्हणाला, देवाला वाहतात.

गोष्ट अशी की कॅनडातल्या रॉबर्ट नोबल यांच्या डॉक्टर भावाला १९५२ मध्ये एका रुग्णाने जमैकाहून या झाडाची पंचवीस पानं पाठवली. तिकडे मधुमेहावर त्याचा काढा पीत. आपल्याकडेही साखरेसाठी सदाफुलीची पानं चावणारे खूप आहेत. नोबल यांनी उंदरांवर करून पाहिलं तर साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड खाली आल्या. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढण्याच्या रोगावर हेच हवं होतं. चार्ल्स बीअर यांच्याबरोबर त्यांनी १९५८ मध्ये त्यातलं व्हिन्ब्लास्टिन वेगळं काढलं. त्याचं भावंड व्हिन्क्रिस्टिन पाठोपाठ अमेरिकेत मिळालं आणि १९६३ मध्ये वापरात आलं. पेशी दुभंगताना आत जे दोरे ताणले जातात, ते हे औषध जुळूच देत नाही. पेशी अर्ध्यात अडकते आणि मरते. शेकडो किलो वाळलेल्या पाल्यातून ते जेमतेम ग्रॅमभर निघतं. म्हणून मी त्याला बजावून सांगितलं, मुलाला पानांचा रस वगैरे चुकूनही देऊ नका, त्यात काय किती आहे ते कोणालाच मोजता येत नाही.

तो ऐकत होता. मग त्याने खरा प्रश्न विचारला. "मोत्याचं पोराला लागेल का? पोर त्याच्या गळ्यात पडतं."

लागत नाही. हे मी त्याला तीनदा सांगितलं. दुसऱ्याच्या पेशी अंगात आल्या की अंग त्या ओळखून मारतं. म्हणून तर मूत्रपिंड बदललं की जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात. माणसाच्या अंगात कुत्र्याची पेशी टिकत नाही. मात्र इलाज चालू असताना मुलाची ताकद कमी असते, तर कुत्र्याचं चाटणं, नखं, विष्ठा यांपासून त्याला जपा, आणि सुईनंतर दोन-तीन दिवस मोत्याचं मूत साफ करताना हातमोजे घाला. बाकी टाटातले डॉक्टर सांगतील ते.

आणि तरीही कुत्र्याच्या अंगात दुसऱ्या कुत्र्याची पेशी टिकते. मला या धंद्यात इतकी वर्षं झाली, या गोष्टीचं नवल कमी होत नाही. कॅन्सर ज्याला होतो त्याच्याबरोबर मरतो. हा मेला नाही. केंब्रिजच्या एलिझाबेथ मर्चिसन यांच्या गटाने २०१९ मध्ये ४३ देशांतल्या ५४६ गाठींचे जनुक वाचून सांगितलं, की चार हजार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी आशियात कुठेतरी एका कुत्र्याला हा झाला आणि जगातल्या साऱ्या गाठी त्याच एका कुत्र्याच्या पेशी आहेत. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात, या गाठीच्या पेशीत साठच्या आसपास, जोडलेली, वाकडीतिकडी. म्हणजे मोत्याच्या गाठीत मोत्या नाहीच. मोहेंजोदडोच्या वेळचं, कदाचित त्याच्याही आधीचं कुणी कुत्रं तिथे अजून जगतंय.

ते टिकतं कसं, तर ओळख लपवून. प्रत्येक पेशी आपल्या पृष्ठभागावर ओळखीच्या खुणा मिरवते. ही पेशी त्या जवळजवळ काढून टाकते. अंगातल्या पहारेकरी पेशींना तिच्यात परकं काही दिसत नाही. टास्मानियात १९९६ मध्ये सैतान नावाच्या प्राण्यांच्या तोंडावर अशीच गाठ दिसली. चावण्यातून ती पसरली आणि त्यांची संख्या बऱ्याच ठिकाणी पाचव्या हिश्श्यावर आली. त्यांच्यावर अजून असा हमखास इलाज नाही. कुत्र्याचा आजार इतका जुना असूनही सदाफुलीच्या चार-सहा सुयांत तो बहुतेक वेळा मुळापासून जातो. का, याचं एक उत्तर २०१८ च्या एका अभ्यासात मिळालं: औषधाने थोड्या पेशी मरतात, जागा सुजते, हाका जातात, पहारेकरी आत शिरतात आणि मग उरलेलं काम अंगच करतं. म्हणूनच मधला बुधवार चुकवायचा नसतो. निम्म्यावर सोडलेली गाठ पुन्हा खुणा लपवून वाढू शकते.

मोत्याची सुई झाली. गडी निघताना दारातल्या कुंडीपाशी थांबला, एक फूल तोडलं आणि खिशात ठेवलं.

दुपारी १२.२०

एक मावशी मुलीला कडेवर घेऊन धावत आल्या. कुत्रा चावला, पोटरीवर दात उमटलेत, आणि जखमेत चुना भरलेला. माणसांवर इलाज करायचा मला अधिकार नाही, पण नळ माझ्याकडे आहे. चुना काढून वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतलं, घड्याळ लावून. मुलगी रडत होती, मावशी "पुरे आता" म्हणत होत्या, मी थांबलो नाही. रेबीजचा विषाणू मज्जातंतूत शिरण्याआधी त्याला गाठण्याची सर्वांत स्वस्त संधी हीच. मग रिक्षात बसवून आरोग्य केंद्रात पाठवलं. आज पहिली लस, पुढे ठरल्या तारखांना बाकीच्या, आणि रक्त आलंय म्हणून जखमेत सोडायचं इंजेक्शनही मागून घ्या, असं कागदावर लिहून दिलं.

कुत्रं कोणतं? "काळं." काळी कुत्री माझ्या वहीत पंधरा तरी आहेत. फोटो एकेक करून दाखवले. नवव्या फोटोवर मुलीने बोट ठेवलं. गेल्या वर्षी टोचलेलं, कानाला खाच असलेलं. तरी लस चुकवायची नाही, हे मावशींना रिक्षा हलेपर्यंत सांगत होतो. दहा दिवस त्या कुत्र्यावर लक्ष ठेवायचं काम माझं.

दुपारी ३

जेवण. वालाचं बिरडं आणि भाकरी. त्यानंतर पोमणला दोन म्हशी, त्यांचं इथे काही सांगण्यासारखं नाही.

संध्याकाळी ५.१५

नागल्याच्या फाट्यावरून आत पाड्याकडे. बर्फाच्या पेटीत चौथी बाटली. मुलगा घरीच होता. त्याची आजी कुडाच्या भिंतीला टेकून वालाच्या शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "ती पार लग्नाच्या मागं गेली बघ. जिकडं मांडव तिकडं ती."

मुलगा मात्र खाली बघत होता. त्याला वाटत होतं, वाघाने नेली. इथे बिबट्यालाही वाघच म्हणतात; पाड्याबाहेर वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे, आणि दिवाळीच्या आधी त्याला नैवेद्य असतो. गेल्या बुधवारी त्याची परीक्षा होती म्हणून त्याने तिला आणलं नव्हतं. एवढंच कारण. हे सांगताना त्याचा आवाज चिरकला. मी म्हटलं, चुकी तुझी नाही, एवढ्या लांबून मुलाने कुत्रं आणावं अशी सोय ठेवली ही माझी चूक, पुढच्या सुया मी इथे येऊन देईन. तो माझ्याबरोबर ओढ्यापर्यंत, पडीक विटभट्टीपर्यंत, रुळांपर्यंत आला. आम्ही तिला हाका मारल्या. सव्वासहाची गाडी गेली आणि अंधार पडला. या वेळेला मुलाने ओढ्याकडे थांबू नये, म्हणून परत फिरलो.

रात्री ९.४०

मुलाच्या चुलत्याच्या फोनवरून फोटो आला. कोल्हीला एका हळदीच्या मांडवामागे, पत्रावळींच्या ढिगापाशी, एक तांबूस कुत्री. मागचा एक पाय पांढरा. फोटो ताणून ताणून पाहिला. कान सावलीत आहेत. ती उजव्या कुशीवरून टिपलीय, आणि माझ्याकडच्या फोटोत तिची डावी कूस आहे, खुब्यावर कढईएवढा काळा डाग असलेली. पांढऱ्या पायाच्या तांबूस माद्या या पट्ट्यात मला तीन माहीत आहेत.

फोन लावला. ढोल-ताशात काही ऐकू येत नव्हतं. ओरडून सांगितलं, "दादा, पलीकडच्या बाजूनं जा. डावीकडनं काढा फोटो. जवळ नका जाऊ, घाबरेल."

"डावी कुणाची, माझी का तिची?"

"तिची!"

फोन कटला. बर्फाच्या पेटीतल्या पिशव्या पुन्हा गोठायला ठेवल्या, बाटली कुलपात. उद्या दुसरी मोजणी आहेच. आधी कोल्हीला जाऊन मग नाक्यावर यायचं, म्हणून गजर चारचा लावला आणि फोन उशाशी उताणा ठेवला, उजेड दिसेल असा.